हरितगृहातील भाजीपाला : वाफ्यांची माती कशी तयार करावी

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील डोंगरी तालुके होत. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड असे झाले आहे, तथापि गावोगावी अद्याप जुनेच नाव तोंडी असल्याने या लेखात तेच ठेवले आहे.) खाचरात इंद्रायणी वा आंबेमोहोर भात, उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई, आणि भात निघाल्यावर ओल टिकेल तेथे हरभरा किंवा वाल, अशी येथील परंपरागत शेती आहे. पुण्याची बाजारपेठ जवळ असूनही पावसाळ्याचे चार महिने भाजीपाल्याच्या दृष्टीने येथे वायाच जातात, कारण घाटमाथ्याकडील पावसात उघड्यावरची ढोबळी मिरची किंवा टोमॅटो तग धरीत नाही. यास्तव काही उत्साही शेतकऱ्यांनी दहा-वीस गुंठ्यांची हरितगृहे उभारली आहेत व इतरही काहीजण त्या विचारात आहेत.

हरितगृहाविषयी चौकशीस येणारे शेतकरी बंधू प्रथम सांगाड्याची किंमत विचारतात, नंतर अनुदान, नंतर प्लॅस्टिक किती जाडीचे घ्यावे हे विचारतात. वाफ्यात माती कोणती भरावी, हा प्रश्न बहुधा सर्वांच्या शेवटी येतो. आणि पुष्कळदा तो मातीचा डंपर दारात उभा राहिल्यावर येतो. वास्तविक क्रम याच्या उलट असावयास हवा. फाटलेले प्लॅस्टिक बदलता येते, गळकी ठिबक नळी बदलता येते, वाकलेला खांब सरळ करता येतो. परंतु एकदा भरलेली दोनशे घनमीटर माती सांगाड्याखालून फावड्याने उपसून बाहेर काढणे हे कोणासही परवडणारे नाही.

या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. गुंजवणी खोऱ्यातील एका शेतकऱ्याने, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, कर्ज काढून दहा गुंठ्यांचे हरितगृह उभारले. त्यांनी लाल मातीचा नमुना आणून दिला. तो तपासून घेतला तेव्हा सामू ६.१ व क्षारांचे प्रमाण अत्यल्प निघाले. माती उत्तम होती. मी कागदावर प्रमाण लिहून दिले : लाल माती सात भाग, शेणखत दोन भाग, भाताचे तूस एक भाग. तात्यांच्या दावणीला दोनच जनावरे. एवढे शेणखत त्यांनी आणावे कोठून? त्यांनी शेणखताच्या जागी तितकेच कोंबडखत मोजून घातले. वाफे तयार झाल्यावर मी पाहण्यास गेलो. माती काळसर, भुसभुशीत, हाताला सुखद लागत होती. मी मूठभर माती दाबून पाहिली आणि लागवड करण्यास सांगितले. सुमारे चोवीसशे रोपे लागली. आठव्या दिवशी पानांच्या कडा करपू लागल्या. रोप उपटून पाहता मुळांची टोके तपकिरी पडलेली दिसली. वाफ्यातील मातीचा नमुना त्या दिवशी प्रथमच तपासला. विद्युत वाहकता ३.६ निघाली. ती एकच्या आत असावयास हवी होती.

तात्या रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, तुम्ही माती तपासली. वाफा कुठं तपासला?”

मिश्रण धुऊन काढणे, रोपे पुन्हा मिळविणे व लावणे यात दहा आठवडे गेले आणि गणपती-दसऱ्याचा बाजार हुकला. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेसच आला. त्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढील मजकूर लिहीत आहे.

छताखाली पाऊस नसतो

तात्यांच्याच खाचरात तेवढेच कोंबडखत पडले असते तर फारसे काही बिघडले नसते. वेल्ह्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अतिरिक्त क्षार त्या पाण्याबरोबर वाहून किंवा निचरून जातात. याच कारणाने येथील उतारावरील लाल जमिनी आम्लधर्मी झाल्या आहेत. शतकानुशतकांच्या पावसाने त्यांतील चुना धुऊन नेला आहे. हरितगृहाच्या छताखाली असे काहीही घडत नाही. तेथे पाणी ठिबकने, मोजून, पिकाच्या गरजेपुरते दिले जाते. ते बाष्परूपाने उडून जाते व त्यातील क्षार, खतातील क्षार, सर्व वाफ्यातच राहतात. म्हणून उघड्या शेतात चालणारे खत, चालणारे पाणी व चालणारी माती हरितगृहात चालेलच असे गृहीत धरू नये.

दुसरा फरक हवेचा आहे. उघड्या शेतातील पिकाची मुळे खोलवर व दूरवर जाऊ शकतात. हरितगृहातील ढोबळी मिरची, काकडी किंवा टोमॅटो यांना दररोज पाणी व द्रवरूप खत मिळत असल्याने त्यांची बहुतेक मुळे वाफ्याच्या वरच्या थरातच दाटीने वाढतात. ओल नेहमीच असलेल्या त्या थरात हवा खेळती राहिली नाही तर मुळे गुदमरतात व मूळकूज येते. सबब हरितगृहाच्या मिश्रणात अन्नांशापेक्षा निचरा व पोकळी यांना अधिक महत्त्व आहे. अन्नांश ठिबकमधून मागाहूनही देता येतात, पोकळी मागाहून देता येत नाही.

सात, दोन, एक

वर दिलेले ७ : २ : १ हे प्रमाण आपल्याकडे बरेच रूढ आहे. ते वजनाने नव्हे, तर आकारमानाने म्हणजे घमेल्याने मोजावयाचे असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ही पद्धत केवळ आपलीच नव्हे. इंग्लंडमधील जॉन इनेस या उद्यानविद्या संस्थेत १९३० च्या दशकात लॉरेन्स व न्यूवेल यांनी काचगृहातील रोपांसाठी जे मिश्रण बसविले, त्यातही सात भाग पोयट्याची माती, तीन भाग पीट व दोन भाग जाड वाळू असे प्रमाण होते. पीट म्हणजे दलदलीत कुजलेला वनस्पतींचा थर. ते काम आपल्याकडे शेणखत करते, आणि जाड वाळूचे काम भाताचे तूस करते. त्यापूर्वी तेथील प्रत्येक माळी आपापले गुप्त मिश्रण वापरीत असे. प्रमाण ठरवून दिल्याने गुप्ततेची जरूर राहिली नाही, हा त्या कामाचा मोठा लाभ झाला. तथापि प्रमाणाचे आकडे पाठ केले म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक घटकाचा गुण पारखावा लागतो.

माती. लाल माती का पसंत करतात? काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात व वाळल्यावर आक्रसतात. अशा मातीचा वाफा ओला असता चिखल होतो आणि वाळला की भेगाळतो. लाल मातीतील चिकणमाती बहुतांशी न फुगणारी असते, तिचे कण लोहाच्या योगाने लहान रवाळ खड्यांच्या रूपात बांधलेले असतात व त्यांमधून पाणी सहज निचरते. भोरच्या पूर्व भागात, महामार्गाच्या बाजूस, पाऊस कमी व माती काळसर होत जाते. अशा मातीत पुष्कळदा चुनखडीचे खडे आढळतात. तिचा सामू आठच्या आसपास असल्यास ती वाफ्यासाठी घेऊ नये. चुनखडीयुक्त मातीचा सामू खाली आणणे खर्चिक असून तो टिकतही नाही. भाटघर धरणाच्या पाणलोटातील गावांत उन्हाळ्यात गाळ सहज मिळतो, आणि तो खाचरात वा हलक्या शेतात पसरणे हिताचेच आहे. परंतु हरितगृहाच्या वाफ्यास तो योग्य नाही. त्याचे कण अतिसूक्ष्म असल्याने वाफा दगडासारखा बसतो. खाचराची चिखलणी केलेली मातीही त्याच कारणाने टाळावी.

माती पारखण्याची एक सोपी रीत अशी. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी भरावे, चमचाभर धुण्याचा सोडा टाकून बरणी चांगली हलवावी व स्थिर ठेवावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. वाळू व पोयट्याचे थर जाड आणि चिकणमातीचा पातळ असेल तर माती कामाची.

ज्या शेतात पूर्वी वांगी, टोमॅटो, भेंडी किंवा काकडी सातत्याने घेतली गेली आहे तेथील माती कदापि आणू नये. अशा मातीत मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी असण्याचा संभव फार असतो. ते डोळ्यांस दिसत नाहीत. आणि हरितगृहात एकदा शिरले म्हणजे त्यांना तेथील ऊब, ओल व वर्षभराचे पीक फारच मानवते.

शेणखत. किमान सहा महिने कुजलेले, हाताला थंड लागणारे, वास नसलेले व ज्यात काडी ओळखू येत नाही असेच शेणखत घ्यावे. कच्च्या खताने अमोनिया सुटतो, उष्णता निर्माण होते, आणि त्यातील अळ्या पुढे मुळे कुरतडतात. खत चाळूनच घालावे. येथे खरी अडचण पुरवठ्याची आहे. दहा गुंठ्यांच्या हरितगृहास चौदा-पंधरा ब्रास खत लागते. दोन जनावरांच्या गोठ्यातून एवढे खत जमण्यास तीन-चार वर्षे जातील. म्हणून ज्यास पुढील वर्षी हरितगृह उभारावयाचे आहे त्याने यंदाच खताचे खड्डे भरावेत. भाताचा पेंढा, तण, पालापाचोळा व थोडे शेण यांचे थर देऊन व वेळोवेळी उलथून कंपोस्ट करण्याची पद्धत आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात बसविली. ती आजही तितकीच उपयोगी आहे आणि भात पिकविणाऱ्या प्रदेशास तर विशेषच. शेळ्या-मेंढ्यांचे लेंडीखत कुजवून घेतल्यास शेणखताच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत वापरावे. कोंबडखत वापरणे भागच पडले तर ते ओले करून सहा महिने कुजवावे, आणि एकूण मिश्रणाच्या विसाव्या हिश्श्याहून अधिक घालू नये. तात्यांच्या वाफ्यात ते पाचवा हिस्सा होते आणि कच्चे होते.

तूस. या दोन्ही तालुक्यांत भातगिरण्या असल्याने तूस मिळण्यास अडचण नाही. त्यात सिलिकाचे प्रमाण अधिक असल्याने ते सावकाश कुजते व दोन-तीन वर्षे माती पोकळ ठेवते. लाकडाच्या भुश्शाचे तसे नाही. तो कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो व रोपे पिवळी पडतात. तुसाबरोबर भाताचे दाणे आल्यास वाफ्यात भात उगवतो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी असली तरी खुरपणीचा खर्च वाढविते, म्हणून तूस आधी भिजवून आठ दिवस ठेवावे. जळलेल्या तुसाची राख ही तुसाच्या जागी चालत नाही. ती आम्लधर्मी नसून उलट गुणाची आहे आणि तिच्याने पोकळीही राहत नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा वापरणाऱ्यांनी तो गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन घ्यावा. त्यात मीठ असते.

दोन डब्यांची चाचणी

आता तात्यांच्या प्रश्नाकडे येऊ. वाफे भरण्याच्या निदान दोन महिने आधी दहा घमेल्यांचा एक नमुना-ढीग करावा : जी माती, जे खत व जे तूस प्रत्यक्षात वापरावयाचे आहे तेच, ठरल्या प्रमाणात. हलके पाणी शिंपडून तीन वेळा खालीवर करावे व ओल्या पोत्याखाली दहा दिवस झाकून ठेवावे. नंतर त्यातील अर्धा किलो नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. हरितगृहास ज्या विहिरीचे पाणी द्यावयाचे तेही बाटलीत भरून सोबत पाठवावे. मिश्रणाचा सामू ६ ते ६.५ व विद्युत वाहकता मीटरला एक डेसीसायमनच्या आत असावी. सामू ५.५ ते ७ पर्यंत असल्यास काम चालते. वाहकता दोनपर्यंत गेली तर मिश्रण धुतल्याशिवाय रोप लावू नये, आणि तीनवर गेली तर कोणत्या घटकातून क्षार आले हे शोधून तो घटकच बदलावा.

प्रयोगशाळेचे उत्तर येईपर्यंत घरी करावयाची चाचणी अशी. तळाला भोके पाडलेले दोन डबे घ्यावेत. एकात नमुना-ढिगातील मिश्रण व दुसऱ्यात परसातील, जेथे भाजी चांगली येते अशी जुनी माती भरावी. प्रथम निचरा पाहावा : प्रत्येकात तांब्याभर पाणी ओतावे. मिश्रणातून ते दोन-तीन मिनिटांत खालून ठिबकू लागले पाहिजे. दहा मिनिटांनंतरही वर पाणी उभे असेल तर तुसाचे प्रमाण वाढवावे किंवा मातीच बदलावी. त्यानंतर दोन्ही डब्यांत चिमूटभर अळीव पेरावेत. बाळंतिणीसाठी घरोघरी लाडू केले जातात तेच हे अळीव. क्षार व अमोनिया यांच्या बाबतीत हे बी फार नाजूक असून कंपोस्ट पक्व झाले की नाही हे पाहण्यास परदेशी प्रयोगशाळांतही तेच वापरतात. चौथ्या दिवशी दोन्ही डब्यांतील उगवण सारखी असावी. आठव्या दिवशी काही रोपे उपटून मुळे पाहावीत. ती पांढरी व लांब असल्यास मिश्रण निर्धोक आहे. आखूड, तपकिरी वा टोके जळाल्यासारखी असल्यास एकही वाफा भरू नये. या चाचणीस खर्च जवळजवळ नाही. मी ती तात्यांच्या वेळी केली असती तर आठव्या दिवशी चोवीसशे रोपांऐवजी चिमूटभर अळीव मेले असते.

मिश्रण ५.५ हून अधिक आम्ल निघाल्यास चुना लागतो. किती, हे जमिनीगणिक बदलते, म्हणून शेजाऱ्याने घातला तितका घालू नये. दहा-दहा लिटरच्या चार बादल्यांत मिश्रण भरून पहिलीत काही नाही, दुसरीत दहा, तिसरीत वीस व चौथीत तीस ग्रॅम दळलेला शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मिसळावा, ओल राखून तीन आठवडे ठेवावे व सामू मोजावा. जी बादली सहाच्या थोडी वर येईल ते प्रमाण आपले. दहा ग्रॅम म्हणजे घनमीटरला एक किलो, किंवा ब्रासला सुमारे पावणेतीन किलो. भिंतीला लावावयाचा भाजका चुना येथे वापरू नये. सामू मोजण्याचे छोटे यंत्र आता हातात मावेल एवढे मिळते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे एक यंत्र जवळ बाळगल्यास व ते वेळोवेळी प्रमाणित द्रावणात तपासून घेतल्यास चार-पाच गावांचे काम भागते.

डोंगर किती खरवडावा

हा भाग लिहिताना थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. चाळीस मीटर लांब व पंचवीस मीटर रुंद, म्हणजे दहा गुंठ्यांच्या हरितगृहाचा हिशेब करून पाहू. कडेने एक मीटर व मधोमध दोन मीटर वाट सोडली, वाफा तळाशी एक मीटर व माथ्याशी नव्वद सेंटीमीटर रुंद आणि दोन वाफ्यांमध्ये अर्धा मीटर पाट ठेवला, तर अठरा मीटर लांबीचे तीस वाफे बसतात. वाफ्याची उंची चाळीस सेंटीमीटर धरल्यास एकूण दोनशे पाच घनमीटर, म्हणजे सुमारे साडेबाहत्तर ब्रास मिश्रण लागते. त्यात लाल माती एक्कावन्न ब्रास. खणलेली माती फुलते हे लक्षात घेऊनही, एवढ्या मातीसाठी डोंगरउताराचा अर्ध्या फुटाचा थर काढावयाचा झाल्यास सात-आठ गुंठे उतार उघडा पडतो. दहा गुंठे पिकविण्यासाठी आठ गुंठे बोडके!

आपल्या वरकस जमिनींवर मातीचा थर मुळातच पातळ आहे. खाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण. येथील वाडवडिलांनी ओढ्या-ओघळींत ताली घालून, वाहून जाणारी माती मूठमूठ अडवून खाचरे घडविली. तीच माती वरच्या उतारावरून यंत्राने खरवडून काढली तर खालच्या खाचराची ताल पहिल्या मोठ्या पावसात गाळाने भरते किंवा फुटते. उताराचा पायथा कापणे तर अधिकच धोक्याचे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. तेथील कारणांविषयी निरनिराळी मते असली तरी पावसाने जड झालेला उतार किती अकस्मात खाली येतो हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. याखेरीज माती व मुरूम ही गौण खनिजे असून त्यांच्या उत्खननास व वाहतुकीस तहसीलदारांची परवानगी व स्वामित्वधन लागते. डंपरवाला “सगळं आम्ही बघतो” म्हणतो. पावती मात्र शेतकऱ्याने स्वतः पाहावी.

मग मार्ग काय? हरितगृहाची जागाच लाल, निचऱ्याच्या मातीची असेल तर बाहेरून माती आणण्याची गरज फारच थोडी उरते. पाटांच्या जागी पंधरा सेंटीमीटर खोल खोदून ती माती वाफ्यावर ओढावी. एवढ्यानेच वाफा पाटाहून पंधरा सेंटीमीटर उंच होतो आणि पाटाची मोकळी झालेली माती वर पडते. त्यावर खत व तूस घालून तळापर्यंत खणून एकजीव केले, की चाळीस सेंटीमीटर उंची गाठण्यास बाहेरची माती सात-आठ ब्रासच लागते. कोठे एक्कावन्न आणि कोठे आठ! वाहतुकीचाच खर्च केवढा वाचतो हे ज्याचे त्याने मांडून पाहावे. अर्थात पाट खोल केल्यावर त्यांना उतार देऊन पाणी हरितगृहाबाहेरच्या चरात काढलेच पाहिजे. जागा उपळट असेल, म्हणजे पावसाळ्यात जमिनीतून पाणी वर येत असेल, तर ही रीत वापरू नये. खरे पाहता अशा जागी हरितगृहच उभारू नये. जागा निवडण्यापूर्वी ती एकदा ऐन आषाढात पाहून यावी. उन्हाळ्यात सर्वच जागा कोरड्या दिसतात.

मिसळणे, भरणे व ऊन देणे

मिसळणी वाफ्यात करू नये, ढिगात करावी. माती चाळून खडे काढावेत. सुपारीएवढे खडे राहिले तरी चालतात. सात घमेली माती, दोन खत, एक तूस असे थर देऊन ढीग निदान तीन वेळा एका जागेवरून दुसऱ्या जागी फेकावा. स्थानिक मातीवरच वाफे ओढले असतील तेथे खत व तूस सारखे पसरून दोन वेळा आडवे-उभे खणावे. लाल माती स्फुरद धरून ठेवते व पिकास सहज देत नाही. म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट मातीत सुटे न टाकता आधी शेणखतात मिसळून मग घालावे. वाफा ठरल्या उंचीपेक्षा चार-पाच सेंटीमीटर चढता भरावा, कारण दोन पाण्यांत तो बसतो. पायाने तुडवून बसविण्याची काहींना सवय असते. तिने सगळी मेहनत वाया जाते.

निर्जंतुकीकरणासाठी पूर्वी फॉर्मॅलिन सर्रास सुचविले जाई. हे द्रव्य कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ठरविले असून बंदिस्त हरितगृहात ते शिंपडणाऱ्याच्या डोळ्यांस व श्वासास तत्काळ त्रास होतो. मिथिल ब्रोमाइड हा वायू तर ओझोनच्या थरास घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार शेतजमिनीच्या धुरीकरणातून बाद झाला. आपल्याकडे त्याहून स्वस्त साधन आहे, ते म्हणजे वैशाखातील ऊन. ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून उन्हाने ती तापविण्याची रीत इस्राएलमध्ये काटान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. वाफे भरून भरपूर भिजवावेत, पंचवीस मायक्रॉनचे पारदर्शक प्लॅस्टिक मातीला चिकटून अंथरावे, कडा मातीने दाबाव्यात, हरितगृहाचे पडदे बंद करावेत व चार ते सहा आठवडे हात लावू नये. काळे प्लॅस्टिक येथे उपयोगी नाही, कारण ते स्वतः तापते पण ऊन खाली जाऊ देत नाही. कोरड्या मातीतही परिणाम होत नाही. एप्रिलच्या मध्यास प्लॅस्टिक पडले तर मेअखेर काम पुरे होते. खोल गेलेले सूत्रकृमी याने पूर्णपणे मरत नाहीत, यास्तव स्वच्छ माती निवडण्यास पर्याय नाही.

प्लॅस्टिक काढल्यानंतर दर चौरस मीटरला शंभर ते दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड मिसळून दोन-तीन आठवडे मुरू द्यावी आणि मगच ट्रायकोडर्मा शेणखतात वाढवून घालावा. ट्रायकोडर्मा आधी घातल्यास तोही उन्हात मरतो. असे करणारे शेतकरी मला दरवर्षी एक-दोन तरी भेटतात.

लागवडीच्या आधी वाफ्यातील नमुना पुन्हा एकदा तपासावा. वाहकता वाढलेली आढळल्यास दर चौरस मीटरला शंभर लिटर पाणी तीन-चार हप्त्यांत देऊन वाफे धुवावेत आणि ते पाणी पाटातून बाहेर जाते याची खात्री करावी. पाणी बाहेर गेले नाही तर क्षारही गेले नाहीत असे समजावे. धुण्यासाठी पावसाचे पाणी सर्वांत चांगले. दहा गुंठ्यांच्या छतावर एक हजार मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी पन्हळीतून वाहून जाते. त्यातील थोडे जरी शेततळ्यात साठविले तरी वर्षभर विहिरीच्या जड पाण्यात मिसळण्यास पुरते.

पीक निघाल्यावर झाडे मुळांसकट उपटून मुळांवर गाठी आहेत का ते पाहावे, नमुना तपासावा, आणि वाफा जितका बसला असेल तितके कुजलेले खत व थोडे तूस वरून घालून तीस सेंटीमीटर खोल खणावे. नवी माती आणावी लागत नाही. तपासणीचे आकडे तारखेनिशी एका वहीत लिहून ठेवावेत. सामू व वाहकता कोणत्या बाजूस सरकत आहेत हे तीन-चार नोंदींतच कळू लागते.

तात्यांच्या हरितगृहात सध्या ढोबळी मिरचीनंतर काकडी आहे. त्यांनी या वर्षी स्वतःचा कंपोस्ट खड्डा भरला आहे. दाराशी भोके पाडलेले दोन डबे ठेवलेले असतात, आणि खताचा नवा ढीग आला की त्यांच्या घरातील अळिवाची डबी आधी तिकडे जाते, अशी काकूंची तक्रार आहे.